घरचं द्या, पण मोजून

नागपुरातल्या मानेवाडा भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी चार वर्षांची, पाच किलोची शिह त्झू जातीची कुत्री आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. ‘पाकिटात सगळं केमिकल असतं’ असं वाचून चार महिन्यांपूर्वी त्यांनी तिचं पाकीटबंद खाणं थांबवलं. तेव्हापासून सकाळी चिकन-भात, संध्याकाळी सासूबाईंच्या मांडीवर बसून दूध-पोळी, रविवारी सावजीतला धुऊन घेतलेला एखादा तुकडा. गोचिडी दिसल्या म्हणून खाण्यात रोज लसणाची पाकळी आणि अंगाला कडुनिंबाचं तेल सुरू केलं. आता केस निस्तेज झालेत, खाजवणं वाढलंय. डॉक्टर म्हणतात, ‘घरचं बंद करा, पाकिटावर आणा.’ नवरा म्हणतो, डॉक्टर पाकिटं विकतात म्हणून तसं सांगतात. ताई विचारतात, ‘आपल्या हातचं ताजं खाणं वाईट कसं असेल? मी तिचं नुकसान करतेय का?’

ताई, उत्तर मोठं आहे. पण ते पुरतं वाचायच्या आधीच दोन गोष्टी बंद करा. एक लसूण, दुसरा सावजीतला तुकडा.

कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाळवून किंवा पूड करून ते जात नाहीत. पूड तर वजनाच्या मानाने जास्तच कडक. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला की विषबाधेची भीती धरतात. तुमच्या पाच किलोच्या कुत्रीसाठी हे २५ ग्रॅम होतात, एक लहान कांदासुद्धा नाही. लसूण त्याहून तीव्र. तुकडा नळाखाली धरला की वरचं तिखट धुतलं जातं, आत मुरलेला मसाला तसाच राहतो. परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, म्हणून रविवारचा रस्सा आणि गुरुवारची मरगळ यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि लसणाने गोचिडी पळतात याला भरवशाचा पुरावा नाही.

दुसरं काम याच आठवड्यातलं. गोचिडी होऊन गेल्यात आणि लसूणही चालू होता, तेव्हा रक्त तपासून घ्या. प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताची स्लाइड, एवढं सांगा. नेहमीच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच. आपल्याकडे कुत्र्यांना लागते ती तपकिरी गोचीड. ती एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार देते, ज्यांना सगळे मिळून ‘टिक फीवर’ म्हणतात. सुरुवातीला कुत्रं फक्त थोडं गप्प असतं, अर्धं खाऊन उठतं. घरचं खाणं आवडेनासं झालं असेल असं आपल्याला वाटतं आणि आठवडा निघून जातो. एर्लिकियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं, तर ती गोळी दूध, दही किंवा कॅल्शिअमसोबत देऊ नका; कॅल्शिअम औषधाला धरून ठेवतं आणि ते पुरतं शोषलं जात नाही. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी कोरडी घशात ढकलू नका, ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. थोड्या खाण्यात द्या, वर पाणी पाजा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘पाकिटात केमिकल, घरचं नैसर्गिक’ हे वाक्य एकदा उलटून पाहा. कॅल्शिअम, झिंक, तांबं, आयोडीन, ड जीवनसत्त्व हीसुद्धा रसायनंच, आणि चिकन-भातात कमी पडतात ती नेमकी हीच. रानातलं कुत्रं शिकार करतं तेव्हा हाडं, काळीज, आतडी, कातडीसकट खातं. बिनहाडाचं चिकन आणि पांढरा भात हे कुठल्याच कुत्र्याचं नैसर्गिक खाणं नाही. ते आपलंच जेवण आहे, मसाला काढलेलं. ताजं आहे, पचायला चांगलं आहे, आजारी कुत्र्याला चार दिवस द्यायला उत्तम आहे. चार वर्षं द्यायला अपुरं आहे.

हिशोबच मांडू. घरात राहणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या पाच किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. तेवढ्या खाण्यातून तिला ३०० ते ३७५ मिलिग्रॅम कॅल्शिअम मिळायला हवं. शंभर ग्रॅम चिकन, दोन-तीन चमचे भाजी आणि भात मिळून जेमतेम ३० ते ४० मिलिग्रॅम भरतं. उलट मांसात फॉस्फरस भरपूर. कॅल्शिअम निदान फॉस्फरसइतकं तरी असावं लागतं. इथे ते पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. मग शरीर ती तूट हाडांतून काढतं, आणि सुरुवात बहुतेक जबड्याच्या हाडापासून होते. यातली फसवी गोष्ट अशी की रक्तातलं कॅल्शिअम बराच काळ नॉर्मलच दिसतं, कारण हाडं ते पुरवत असतात. ‘रिपोर्ट चांगला आला, म्हणजे खाणं बरोबर आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो.

धीर धरण्यासारखी गोष्ट ही की तुमची कुत्री वाढीच्या वयातली नाही. चार महिन्यांच्या तुटीने मोठ्या कुत्र्याची हाडं सहसा मोडायला येत नाहीत. आता नीट केलं तर भरून निघतं. हेच खाणं तीन महिन्यांच्या पिल्लाला दिलं असतं तर काही आठवड्यांतच पाय वाकायला लागले असते. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी खालची कृती मुळीच वापरू नये. पिल्लाला कॅल्शिअम आणि फॉस्फरस दोन्ही वेगळ्या प्रमाणात लागतात. एक वर्षापर्यंत पिल्लांसाठीचं तयार संपूर्ण खाणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

चूक फक्त तुमच्या घरी होते असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के कृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. त्यांतल्या काही कृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या.

तरी घरचं द्यायचं असेल, आणि द्यावंसं वाटणं चुकीचं नाही, तर ते असं करा. ही पाच किलोच्या, तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या कुत्रीसाठी तीन दिवसांची बेगमी आहे. सगळी वजनं कच्च्या वस्तूंची. बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन ३०० ग्रॅम, शक्यतो मांडीचं. कोंबडीची कलेजी १५ ग्रॅम. तांदूळ ९० ग्रॅम. कोहळं, गाजर किंवा फरसबी १२० ग्रॅम. एक अंडं. सूर्यफुलाचं तेल तीन छोटे चमचे, म्हणजे १५ मिलिलिटर. अंड्याच्या टरफलाची पूड तीन ग्रॅम. शिवाय कुत्र्यांच्या घरगुती खाण्यात मिसळण्यासाठी बनवलेली व्हिटॅमिन-मिनरल पावडर, तिच्या डब्यावर लिहिलेल्या मापाने.

तांदूळ वेगळ्या गंजात जास्त पाणी घालून मऊ शिजवा, शीत बोटाने दाबलं की चिरडलं पाहिजे. चिकन आणि कलेजी नखाएवढी कापा, बुडेल इतक्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या, शेवटच्या आठ मिनिटांत भाजी टाका. मीठ नाही, हळद नाही, फोडणी नाही. पाणी फेकू नका, त्यातच भात आणि उकडून कुस्करलेलं अंडं कालवा. सगळं एकजीव झालं पाहिजे; तुकडे मोठे राहिले तर ती चिकन वेचून खाणार, भात ठेवणार, आणि तुमचा हिशोब तिथेच संपला. कोमट झाल्यावर तेल, टरफलाची पूड आणि पावडर घाला, कारण उकळत्या खाण्यात काही जीवनसत्त्वं टिकत नाहीत. मग गंजासकट वजन करा, गंजाचं वजन वजा करा आणि उरलेल्याला सहाने भागा. तो एका वेळच्या जेवणाचा आकडा. पाणी किती आटलं त्यावर दर वेळी तो बदलतो, म्हणून मागच्या खेपेचा आकडा वापरू नका. चार डबे फ्रिजमध्ये, तिसऱ्या दिवसाचे दोन फ्रीजरमध्ये.

टरफलाची पूड हा यातला कळीचा भाग आहे, म्हणून जरा थांबून सांगते. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा, मिक्सरमधून टाल्कम पावडरीसारखी काढा आणि तलम कापडातून गाळा. बोटांत चोळल्यावर कण लागला तर परत फिरवा. रवाळ राहिली तर आतड्यातून तशीच निघून जाते. एका अंड्याच्या टरफलातून साधारण पाच-सहा ग्रॅम पूड निघते आणि एका ग्रॅमात ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असतं. म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन ग्रॅम नीट कळत नाहीत. सराफाकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या. तोवर तीन दिवसांच्या खाण्याला सपाट अर्धा छोटा चमचा. ‘थोडं जास्त गेलं तर बरंच’ असं मात्र नाही. शिह त्झूंना मूतखड्याचा त्रास इतर जातींपेक्षा जास्त होतो, त्यात कॅल्शिअम ऑक्झॅलेटचे खडे असतात. म्हणूनच यात ऑक्झॅलेट भरपूर असलेला पालक नाही आणि खाणं ओलसर ठेवलं आहे. लघवीला वारंवार बसते, थेंब थेंब होते, रक्त दिसतं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर.

पावडर कोणती, हा पुढचा अडसर. दुकानात ‘केसांचं टॉनिक’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक तेल आणि थोडं बायोटिन असतं, त्याने तूट भरत नाही. लेबलावर झिंक, तांबं, मँगनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व, हे सगळं मिलिग्रॅम किंवा युनिटमध्ये लिहिलेलं हवं. आयोडीनयुक्त मिठाची चिमूट आयोडीनची गरज भागवत नाही. भागवायची तर इतकं मीठ लागेल की तेच बाधेल. माणसांची मल्टिव्हिटॅमिन गोळी देऊ नका, त्यातलं लोह आणि ड जीवनसत्त्व पाच किलोच्या जिवाला जास्त होतं, आणि चघळायच्या गोळीत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असेल तर ते सरळ विष आहे. पावडर मिळाली नाही, तर पूर्ण घरचं खाणं सुरू करू नका. इतकं स्पष्ट सांगावंच लागेल.

तुमच्यापुढे खरं तर तीन वाटा आहेत. पहिली, वरचं सगळं मोजून पूर्ण घरचं. दुसरी, लेबलावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं तयार खाणं आणि त्यावर घरचा घास, दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. तेवढ्याने समतोल बिघडत नाही. तिसरी, सकाळी पाकीट, रात्री मोजलेलं घरचं. नोकरी, सणवार, पाहुणे असलेल्या घराला ही तिसरी वाट सगळ्यांत झेपते, आणि मला विचाराल तर तुम्ही इथूनच सुरुवात करावी. गावाला जायची वेळ आली तर कुत्रीला पाकिटाची सवय असलेली बरी. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत, दर दोन दिवसांनी पाव हिस्सा वाढवत. एका दिवसात पालटलं की जुलाब लागतात आणि दोष नव्या खाण्याच्या माथी जातो.

शाकाहारी घरातल्या वाचकांसाठीही एक शब्द. कुत्रं मांसाशिवाय जगू शकतं, पण हिशोब अवघड होतो. अंडं चालत असेल तर बरंच सोपं. अंडंही चालत नसेल तर तयार संपूर्ण शाकाहारी खाण्यावर ठेवा, डाळ-भातावर नको. डाळींत लाखोळी तर कधीच नको.

नवऱ्याच्या शंकेबद्दल. डॉक्टर पाकिटं विकतात हे खरं असू शकतं आणि सल्ला तरीही बरोबर असू शकतो. त्यांनी तुमचं चिकन-भात-दूध-पोळी ऐकलं आणि ते बंद करा म्हणाले. त्या खाण्यापुरतं त्यांचं चुकलं नाही. आता प्रश्न बदलून जा. ‘घरचं देऊ का?’ असं न विचारता वरची वजनं कागदावर लिहून न्या आणि विचारा, ‘यात काय कमी पडतंय? पावडर कुठली घेऊ? दर महिन्याला काय तपासू?’ उत्तर द्यायला त्यांना वेळ नसेल तर महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागात तोच कागद दाखवा.

खाजवण्याचं कारण खाणंच आहे असं धरून चालू नका. मोठ्या कुत्र्यांत पिसवा-गोचिडी, धुळीतले किडे, ओल राहून वाढलेलं यीस्ट यांनी येणारी खाज खाण्याच्या ॲलर्जीपेक्षा जास्त आढळते. आधी गोचिडी संपवा. कडुनिंबाचं तेल बंद करा. ती ते चाटते, उलट्या होतात, आणि गोचीड त्याने मरेलच याचा भरवसा नाही. पाल्याचं उकळून गार केलेलं पाणी अंघोळीच्या शेवटी ओतायला हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. त्याकडून औषधाची अपेक्षा मात्र नको. गोचिडीवर डॉक्टरांकडून वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून देऊ नका आणि तिला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. सोबत घरही बघायला हवं, कारण तपकिरी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी. कूलरच्या मागची फट, खिडकीची चौकट, तिच्या गादीची शिवण इथे व्हॅक्यूम फिरवा, गादीचं कापड गरम पाण्यात धुवा, भेगा बुजवा. औषध चालू असूनही महिनाभर नव्या गोचिडी दिसतील. त्या या भेगांतून येतात, औषध निकामी झालेलं नसतं.

गोचिडी गेल्या आणि खाणं पुरं झालं तरी दोन महिन्यांत खाज उतरली नाही, तर ॲलर्जीचा विचार करा. कुत्र्यांना खाण्यातून खाज येते तेव्हा चिकन, दूध आणि गहू हे नेहमीच्या संशयितांत असतात, आणि तुमच्या यादीत तिन्ही आहेत. ती चाचणी आठ आठवडे एकच नवं प्रथिन देऊन करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, कुत्र्यांच्याच शाम्पूने. आपल्या कातडीच्या मानाने त्यांची पातळ आणि कमी आम्ल असते, त्यामुळे लिंबू आणि रिठा दोन्ही झोंबतात. रोज विंचरलं तर निम्मं काम होतं. गुंता झालेल्या केसांखाली ओल धरते आणि गोचीड लपते.

उन्हाळा जवळ आला की आणखी दोन गोष्टी सांभाळा. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश, आणि शिह त्झूचं नाक चपटं, तिला धापा टाकून अंग गार करायला जमत नाही. फिरणं सकाळी सातच्या आत. सडकेवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकवू नका. केस थोडे कमी करा, पण चामडीपर्यंत भादरू नका. ओलसर घरगुती खाणं अर्ध्या तासात उचला, कूलरच्या खोलीतसुद्धा. उन्हात भूक मंदावते, तेव्हा तूप घालून लालूच दाखवू नका. चरबीच्या खाण्याने लहान कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं आणि ते जिवावर बेतू शकतं. बिया आणि साल काढलेल्या संत्र्याच्या दोन फोडी खुशाल द्या. द्राक्ष आणि मनुका एकही नाही.

राहिल्या सासूबाई आणि दूध-पोळी. एक मध्यम पोळी १०० कॅलरीची, अर्धी वाटी दूध ५०ची. ३०० कॅलरींच्या कुत्रीला ही अर्ध्या दिवसाची शिदोरी झाली, तीही चिकन-भाताच्या वर. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचतही नाही. पण संध्याकाळची ती मांडीवरची वेळ मोडू नका, ती दोघींची आहे. पोळीऐवजी त्यांच्या हातात उकडलेल्या गाजराचे आठ-दहा तुकडे किंवा चमचाभर दही द्या, आणि एक काम सोपवा. खाऊ देता देता कान उलटून आत बोट फिरवायचं, मग पट्ट्याखाली, काखेत, शेवटी पायाच्या बोटांच्या बेचक्यात. नजर कमी असली तरी चालतं. केसांच्या मुळाशी डाळीएवढं काही घट्ट लागलं की कळतं. ते खुडायचं नाही, चिरडायचं नाही, रॉकेल लावायचं नाही. तुम्हाला हाक मारायची. तुम्ही चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायची.